मैदानावरचं यंत्र

सरांच्या खोलीत एक लोखंडी पेटी होती आणि तिला दोन कुलपं होती. एकाची किल्ली त्यांच्या खिशात असायची, दुसऱ्याची माझ्याकडे. पेटीत सोनंनाणं नव्हतं, गूळ होता. सरांना मधुमेह होता आणि गोडाचा सोस मधुमेहाहून जुना होता. संध्याकाळी ते माझ्या क्वार्टरच्या पायरीशी येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, “बाई, माझी तयारी आहे. तुमची?” मी नाही म्हटलं की मुकाट्याने परत जायचे. कधीतरी मला दया यायची. मग आम्ही दोघं जाऊन दोन किल्ल्यांनी ती पेटी उघडायचो, ते सुपारीएवढा खडा तोंडात टाकायचे आणि पेटी पुन्हा बंद व्हायची. गूळ आणूच नका, हा सोपा उपाय मी सुचवून पाहिला होता. “त्यात काय मजा?” म्हणाले.

खोलीच्या दाराची तऱ्हा याच्या अगदी उलट होती. कडीत साखळी, साखळीच्या टोकांना दोन कुलपं आणि ती कुलपं एकमेकांत अडकवलेली. त्यातलं कुठलंही एक उघडलं तरी साखळी सुटायची. एक किल्ली त्यांची, दुसरी वॉचमन महादूची. सर वर्गात असले आणि खोलीतून काही आणायचं असलं की महादू आपल्या किल्लीने उघडायचा.

“पेटीला दोघं लागतात,” सर मला समजावून सांगायचे, “दाराला कुणीही एक चालतं. बाई, कॉम्प्युटरच्या पोटात एवढंच आहे. आणखी एक उलटं करणारा ठेवायचा, की झालं. बाकी सगळी याचीच गर्दी.”

मला तेव्हा वाटलं होतं, माणूस जरा सैल आहे.

आमची आश्रमशाळा खोडाळ्याच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून आत होती. मी मूळची जव्हारची. आमच्या घरात शेती सोडून नोकरीला लागलेली मी पहिली, त्यामुळे नोकरीचा मला अभिमान होता आणि धाकही होता. मी मराठी शिकवायचे. मुलं घरी वेगळी बोली बोलायची आणि शाळेत माझी मराठी. त्यामुळे वर्गात कुणी बोलतच नसे. मी प्रश्न विचारला की सगळे खाली बघायचे. सरांच्या तासाला मात्र शेजारच्या वर्गातून एवढा गलका यायचा की मला माझी कविता अर्ध्यावर सोडावी लागायची. पहिले काही महिने माझा त्यांच्यावर राग होता, तो मुख्यतः यासाठी.

सर ठाण्याकडच्या एका कारखान्यात बरीच वर्षं होते. मोठी यंत्रं चालू-बंद करणाऱ्या पेट्या तिथे जोडल्या जात. कारखाना बंद पडला, विज्ञानाची पदवी हाताशी होती, म्हणून ते आमच्याकडे आले. नेमणूक तात्पुरती होती, वर्षापुरती. वर्ष संपलं की वरच्या साहेबांनी मान हलवली तर पुढचं वर्ष. एकटा जीव. ऑक्टोबरच्या उन्हातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. स्वेटरला दोन खिसे होते आणि ते दोन्ही कायम चिंचोक्यांनी फुगलेले असायचे.

चिंचोक्यांचं सांगायला हवं, कारण शाळा त्यांनीच बिघडवली असं मुख्याध्यापकांचं मत होतं.

चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू काळी, एक पांढरी. मुलं ते फासे म्हणून टाकतात. सर धुळीत रेघा काढायचे, रेघांवर चिंचोके मांडायचे आणि कोडं घालायचे. वरच्या ओळीत हे दोन पांढरे असतील तर खालचा पांढरा, नाहीतर काळा. शेजारी दुसरा नियम, त्याच्या खाली तिसरा. शेवटचा चिंचोका पांढरा यायला हवा, तर पहिले कसे मांडाल? मुलं जेवणाच्या सुट्टीत त्याच्यावर पालथी पडलेली असायची. कधी कोडं शाळेतलंच असे. मुलींच्या निवासाच्या लांब खोलीला दोन दारं आणि मधे एक दिवा. कुठल्याही दाराच्या बटणाने तो लागला पाहिजे, कुठल्याही दाराच्या बटणाने तो विझला पाहिजे. कसं कराल? यावर नववीच्या पोरींनी एक अख्खा रविवार घालवला. उत्तर सापडल्यावर त्या नाचतच स्वयंपाकघरात गेल्या आणि आचारीणबाईंना ते ऐकावं लागलं. भाकरी करपल्या, पण दिव्याचं कोडं त्यांनाही कळलं.

मुख्याध्यापकांनाही सरांनी एकदा कोडं घातलं होतं. मुख्याध्यापक तसे चांगले होते, पण आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे चारचौघांत कळू नये याची फार काळजी घ्यायचे. “असल्या पोरखेळांना मला वेळ नाही,” म्हणाले आणि कार्यालयात गेले. थोड्या वेळाने मी सही करायला गेले तर ते टेबलावर चिंचोके मांडून बसले होते. मला बघून त्यांनी त्यावर वर्तमानपत्र टाकलं. मीही सही केली आणि आल्या पावली परतले.

त्याच कार्यालयाच्या कोपऱ्यात शाळेला मिळालेला कॉम्प्युटर होता. फुलाफुलांच्या चादरीखाली. आमच्याकडे वीज यायची तेव्हा कमी दाबाने यायची आणि जायची तेव्हा न सांगता जायची. यंत्र जळलं तर जबाबदारी कुणाची, म्हणून मुख्याध्यापकांनी ते चालूच केलं नव्हतं. दसऱ्याला चादर काढायची, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा आणि पुन्हा चादर घालायची. मला वाटलं होतं, सर यावरून भांडतील. पण त्यांनी त्या चादरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“चालू करून काय दिसणार?” म्हणाले. “पडद्यावर अक्षरं दिसतील. मुलं म्हणतील, जादू आहे. जादू दाखवायला मला इथे आणलेलं नाही. आत काय होतं ते मैदानावर बघू.”

आणि त्यांनी मैदानावर मुलांचाच कॉम्प्युटर उभा केला.

म्हणजे असं. प्रत्येक मुलाने आपल्या समोरच्या दोघांकडे बघायचं. फक्त त्या दोघांकडे. आणि आपल्या नियमाप्रमाणे हात वर करायचा किंवा खाली ठेवायचा. नियमांना नावं मुलांनीच दिली होती. समोरच्या दोघांचेही हात वर असतील तरच जो हात वर करतो तो ‘पेटी’. एकाचाही वर असला तरी जो वर करतो तो ‘दार’. समोरच्या एकाकडेच बघून त्याच्या विरुद्ध करणारा ‘उलट्या’. आणि समोरच्या दोघांचं जमत नसेल, एकाचा वर आणि एकाचा खाली असेल, तेव्हाच हात वर करणारा ‘भांडकुदळ’. भांडकुदळ व्हायला सगळे एका पायावर तयार असत.

अशा पोरांच्या रांगा लावून सरांनी बेरीज करणारं यंत्र केलं. एका टोकाला उभी असलेली मुलं दोन आकडे दाखवायची, म्हणजे एक, दोन, चार अशा वाटून दिलेल्या जागांवर आकड्याप्रमाणे हात वर-खाली करून उभी राहायची. मग रांगांमधून हात वर जात, खाली येत आणि दुसऱ्या टोकाला पाट्या घेतलेल्या चौघी असत. पाट्यांवर एक, दोन, चार आणि आठ. ज्यांचे हात वर, त्यांच्या पाट्यांची बेरीज म्हणजे उत्तर. मधली पोरं काय चाललंय हे न कळता नुसती समोर बघत उभी असत आणि तरी शेवटी उत्तर येई. पहिल्यांदा ते आलं तेव्हा मी वर्ग सोडून बाहेर आले होते आणि कुणाच्याही नकळत टाळी वाजवली होती.

“कॉम्प्युटर हुशार नसतो, बाई,” सर म्हणाले. “तो आज्ञाधारक असतो. हुशार कुणी मधे शिरला की तो बिघडतो.”

ही त्यांची खरी अडचण होती. मुलं हुशार होती.

तीन आणि दोन पाच होतात हे कुणाला माहीत नसतं? मधेच एखाद्याचा हात चुकला की पुढची मुलगी ते ओळखायची आणि आपला नियम बाजूला ठेवून हात बरोबर करून टाकायची. उत्तर पाचच यायचं. सर कपाळाला हात लावायचे. “कुणी केलं?” विचारायचे. कुणी बोलायचं नाही. सरांना आधी वाटलं, मुलं लबाडी करतात. मग त्यांना वाटलं, मला नियम सांगता येत नाही. ते खरोखर दुःखी झाले आणि एक दिवस माझ्या पायरीशी आले ते गुळासाठी नव्हे.

“बाई, ही मुलं चूक तशीच राहू का देत नाहीत?”

मी हसले. मी आवणीच्या चिखलात वाढलेली. त्यांना सांगितलं, भाताची रोपं लावताना बायका एका ओळीत असतात आणि मागे मागे सरकत जातात. एखादी मागे पडली, लहान आहे, बाळंतीण आहे, नुसतीच दमली आहे, तर शेजारची तिच्या वाट्याची चार रोपं बोलता बोलता लावून टाकते. तिला सांगतही नाही. ओळ मोडता कामा नये. मालकाला कळता कामा नये. ही पोरं चालायला लागली तेव्हापासून हेच बघत आली आहेत. तुमच्या रांगेत ती दुसरं काय करणार?

“म्हणजे त्यांचं बरोबर आहे,” सर म्हणाले.

“आणि तुमचं?”

“माझंही बरोबर आहे,” ते म्हणाले. “पंचाईत आहे.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलांवर ओरडणं सोडलं. नियम मात्र सोडला नाही. रोज खेळ सुरू करायच्या आधी सांगायचे, उत्तर चुकलं तरी चालेल, हात चुकता कामा नये. उत्तर चुकलं तर कुठे चुकलं ते शोधता येतं. तुम्ही झाकून टाकलंत तर मला कधीच सापडणार नाही. मुलं माना डोलवायची. हळूहळू ती ऐकायलाही लागली. सगळ्यांत आधी ऐकलं गंगीने. गंगी नववीत होती, बारीक चणीची, करारी. तिच्या हातात ‘चार’ची पाटी असायची आणि त्या जागेवर ती भांडकुदळ होती. समोरचे दोघं चुकताहेत हे तिला सगळ्यांत आधी कळायचं, तिचे ओठ दाबले जायचे, पण हात जागचा हलायचा नाही. उत्तर चुकीचं आलं की सर तिच्याकडे बघून आनंदाने मान हलवायचे. चुकीच्या उत्तरावर शाबासकी मिळालेली मुलगी मी दुसरी पाहिली नाही.

दुसरी अडचण होती ती वेळेची. समोरच्याचा हात वर जायच्या आधीच मागचा घाई करायचा, मग समोरचा बदलायचा, मग मागचा पुन्हा बदलायचा. सगळं मैदान नुसतं हलायचं आणि उत्तर ठरायचं नाही. सरांनी शिट्टी वाजवून पाहिली, एक-दोन-तीन म्हणून पाहिलं. जमेना. आणि मग नवा भात आल्यावर महादूच्या पाड्यावर तारप्याचा नाच होता, तिथे ते गेले.

मीही होते. महादू मधे दुधीभोपळ्याचा तारपा फुंकून वाजवत होता आणि त्याच्याभोवती बायाबापड्यांची साखळी कमरेला हात घालून फिरत होती. महादूने सूर बदलला की साखळीचं पाऊल बदलायचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एका दमात. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सर नाचात उतरले नाहीत. खांबाला टेकून महादूच्या बोटांकडे बघत राहिले आणि मधेच माझा दंड धरून ओरडले, “बाई, घड्याळ! हे घड्याळ आहे!” आजूबाजूचे लोक हसले. एका म्हातारीने त्यांना पाणी आणून दिलं.

त्यानंतर महादू मैदानावर तारपा घेऊन उभा राहू लागला. एक सूर चालू असेतोवर समोर नुसतं बघायचं, हात हलवायचा नाही. सूर बदलला की हात. पुन्हा बघायचं. पुन्हा सूर, पुन्हा हात. मुलांना हे सांगावं लागलं नाही, ते त्यांच्या पायांना ठाऊकच होतं. यंत्र इतकं सुरेख चालायला लागलं की मुख्याध्यापक कार्यालयाची खिडकी उघडी ठेवू लागले. ते दिवस फार छान गेले. माझ्या वर्गातही मुलं तोंड उघडू लागली होती. आपलं उत्तर चुकलं तर जग बुडत नाही, हे त्यांना शेजारच्या वर्गात कळलं होतं. सर गेले तर ही मुलं पुन्हा खाली बघायला लागतील, याची मला भीती वाटू लागली, आणि सर जाऊ नयेत असं मला मनापासून वाटू लागलं.

फेब्रुवारीत निरोप आला की साहेब येताहेत. शाळेत कॉम्प्युटर शिकवतात म्हणे, ते बघायचं आहे. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, सरांना जरा समजवा. नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही ते साहेब इथेच ठरवणार आहेत. त्यांचं तेवढं नीट झालं की झालं.” कार्यालयाचं दार उघडं होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ही गोष्ट सगळ्या शाळेला माहीत झाली होती. उत्तर बरोबर आलं तर सर राहणार, नाहीतर जाणार, असा मुलांनी त्याचा अर्थ लावला. अर्थ चुकीचाही नव्हता.

सर शांत होते. त्यांनी महादूला फक्त एवढंच विचारलं, त्या दिवशी तारपा आणशील ना?

महादू खाली बघत उभा राहिला. “नाय वाजवाचा आता, सर,” तो म्हणाला. “त्याचा टाइम गेला. आता वाजवला तं आमच्यात बरा नाय मानत.”

मला महादूचा संताप आला. मी म्हटलं, “अरे, एक दिवसाचा प्रश्न आहे. सरांच्या पोटावर पाय येईल.” महादूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने मान हलवली. सरांनी मलाच थांबवलं. “त्याचा नियम आहे, बाई. मोडायला लावू नका.” आणि महादूला म्हणाले, “थाळी तर वाजवशील?” थाळीला तो हो म्हणाला.

साहेब सकाळी जीपने आले. तरुण होते, बोलायला सौम्य होते. कार्यालयातल्या कॉम्प्युटरची चादर धुऊन इस्त्री केलेली होती, तिच्याकडे त्यांनी कौतुकाने पाहिलं आणि मग मैदानाच्या कडेला खुर्चीवर येऊन बसले. मुख्याध्यापक एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. मैदानावर मुलं आपापल्या जागी उभी होती. एकाही चेहऱ्यावर हसू नव्हतं.

सरांनी साहेबांना खेळ समजावून सांगितला. पेटी, दार, उलट्या, भांडकुदळ. साहेबांना गंमत वाटली. “बरं,” ते म्हणाले, “सात आणि सहा.”

महादूने थाळी वाजवली. एका टोकाला सात आणि सहा उभे राहिले. पुन्हा थाळी. रांगांमधून हात वर जाऊ लागले. पण थाळी ती थाळी. मुलं कानाने ऐकत होती, अंगाने नाही. मधल्या रांगेत रघ्या नावाचा आठवीतला मुलगा ‘पेटी’ होता. त्याच्या समोरच्या दोघांचेही हात वर होते, पण तो साहेबांच्या बुटांकडे बघत होता. त्याचा हात खालीच राहिला. तो हात म्हणजे पुढे जायचा हातचा होता, आणि तो तिथेच अडला. मला ते दिसलं. सरांना दिसलं असणारच.

थाळी पुन्हा वाजली. पाट्यांपैकी ‘एक’चा हात वर गेला. ‘आठ’चा गेला. गंगीच्या समोरची दोघं हात खाली ठेवून उभी होती. त्यांचं भांडण नव्हतं. गंगीचा हात खाली राहायला हवा होता.

गंगीने हात वर केला.

“आठ, चार, एक,” साहेबांनी मोठ्याने बेरीज केली. “तेरा! वा, वा!” त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी वाजवल्या. मीही वाजवल्या. झालं, सर राहिले, असं माझ्या मनात आलं.

सर मुलांच्या रांगांमधून चालत गंगीसमोर जाऊन उभे राहिले.

“तुझ्या समोरच्या दोघांचे हात?”

“खाली,” गंगी म्हणाली.

“मग तुझा?”

तिने पाटी छातीशी धरली.

“खाली कर.”

“नाय.”

वर्षभरात तिने सरांना नाही म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. जीपच्या ड्रायव्हरनेही मान बाहेर काढली.

“का?” सरांनी विचारलं.

“खाली केला तं नऊ होतील,” गंगी म्हणाली. “नऊ झाले तं तुमी जाल.”

सर तसेच उभे राहिले. त्यांची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. मी मनातल्या मनात त्यांच्या हातापाया पडत होते, की आता वळा, हसा, साहेबांना नमस्कार करा, विषय संपवा. ते वळले. पण हसले नाहीत.

“साहेब,” ते म्हणाले, “आमच्या यंत्राचं उत्तर नऊ आलं आहे. तेरा या मुलीने केले.”

साहेब गोंधळले. “अहो, पण तेराच बरोबर आहेत ना?”

“हो. तेरा तिला तोंडी येतात. ते मी शिकवलेलं नाही. मी जे शिकवतो त्याचं उत्तर आज चुकलं.”

“मग पुन्हा करा की,” साहेब म्हणाले. “दुसरी बेरीज देतो मी.”

सरांनी एकदा सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. रघ्या रडत होता. त्याच्या शेजारच्या मुलाने त्याची बोटं घट्ट धरली होती. “कुठलीही द्या, साहेब,” सर म्हणाले. “आज ही मुलं यंत्र होणार नाहीत. आज ती मला सांभाळून घेणार.”

मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी थोडा वेळ सरांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. त्यांना मोखाड्याला पोचायचं होतं. “छान आहे तुमचा खेळ,” ते म्हणाले. “मुलांची माया आहे तुमच्यावर. पण आम्हाला कॉम्प्युटर चालवणारा माणूस हवा आहे. पुढच्या वर्षाचं बघू.” बघू म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना कळतं. तेच झालंही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सरांच्या जागी दुसरा माणूस आला होता.

जीप गेली. मुख्याध्यापक कार्यालयात गेले. मी तडक मैदानात शिरले. इतकी रागावले होते की मला पायाखालचं दिसत नव्हतं. गप्प बसायला काय झालं होतं, असं त्यांना सगळ्यांसमोर विचारायचं ठरवूनच मी निघाले होते. एवढ्या मुलांचा जीव तुमच्यात अडकला आहे आणि तुम्हाला तुमच्या हाता-बोटांच्या नियमाचं पडलंय. कसला हा हट्ट? असं सगळं माझ्या जिभेवर होतं. आणि त्यांच्याजवळ पोचले तेव्हा त्यांचा चेहरा दिसला. त्यांना जायचं नव्हतं. माझ्याइतकं, गंगीइतकं, कुणाहीइतकं त्यांना तिथून जायचं नव्हतं. माझा राग जिथल्या तिथे विरला आणि मला फक्त रडू आलं.

खेळ संपला की सर “पुरे” म्हणायचे, तेव्हाच हात खाली करायचे असत. आज ते म्हणायचं राहिलं होतं. मुलांनी एकेक करून आपणच हात खाली घेतले होते. गंगीचा तेवढा वर होता. गालांवर ओघळ आले होते, पाटी दुसऱ्या हाताने छातीशी धरलेली होती.

“सर,” ती म्हणाली, “आता खाली करू?”

सर तिच्यासमोर, रघ्याच्या आणि बाकीच्या पोरांच्या मधे, मैदानाच्या मातीत खाली बसले आणि मान वर करून त्या हाताकडे बघू लागले.

“नको,” ते म्हणाले. “असू दे जरा वेळ. मला बघू दे.”